भुकेचा निरोप रक्तातून

श्रोतेहो, नमस्कार. लठ्ठ माणसाला आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो ‘तोंडावर ताबा ठेव’ हाच. जणू भूक म्हणजे निव्वळ निग्रहाची बाब! या समजुतीचा पायाच हलवणारं संशोधन अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत, डग्लस कोलमन यांनी केलं.

या प्रयोगशाळेत उंदरांचे शुद्ध वाण जोपासले जातात. तिथे १९४९ साली एका वाणात अतिशय लठ्ठ उंदीर जन्मले. त्यांना ‘ओबी’ म्हणतात. १९६०च्या दशकात दुसऱ्या वाणात ‘डीबी’ उंदीर आढळले, लठ्ठ आणि तीव्र मधुमेह असलेले. दोन्हींत सदोष जनुक आई आणि बाप अशा दोघांकडून आलं तरच लठ्ठपणा दिसतो. पण ही जनुकं वेगवेगळी. मग बिघाड नेमका कुठे?

कोलमन यांनी उंदरांच्या जोड्या शिवल्या. दोन उंदरांच्या कुशीची कातडी एकमेकींना जोडली, की जखम भरताना केशवाहिन्या मिसळतात आणि रक्त हळूहळू इकडून तिकडे जातं. देवाणघेवाण इतकी संथ, की ग्लुकोजसारखा झपाट्याने खर्च होणारा पदार्थ पलीकडे फारसा प्रभाव पाडत नाही. रक्तात टिकणारं संप्रेरक मात्र पोचतं.

डीबी उंदराला निरोगी उंदीर जोडला, तर निरोगी उंदराने खाणं सोडलं. त्याची रक्तशर्करा घसरली आणि तो भुकेने मेला. शेजारचा डीबी मात्र खातच राहिला. ओबीला निरोगी उंदीर जोडला, तर ओबीचं खाणं आणि वजन दोन्ही आटोक्यात आलं. निर्णायक जोडी होती ओबी आणि डीबीची. पण वाण वेगळे असले तर शरीर परकी ऊती नाकारतं, म्हणून आधी दोन्ही सदोष जनुकं एकाच वाणात आणावी लागली. उंदरांची कितीतरी पैदास त्यात गेली. यातून आणखी एक गोष्ट कळली: डीबीच्या वाणात आणल्यावर ओबीलाही तीव्र मधुमेह झाला. म्हणजे मधुमेह किती तीव्र होणार, हे वाणातली बाकीची जनुकं ठरवत होती. माझ्या मते हा निष्कर्षही तितकाच मोलाचा आहे.

या जोडीत ओबी उपाशी मेला, डीबीला काहीच झालं नाही. कोलमन यांनी अर्थ लावला: ओबीला तृप्तीचा निरोप बनवताच येत नाही, पण तो ऐकू येतो. डीबी निरोप भरपूर बनवतो, पण त्याला तो ऐकू येत नाही. ही गोष्ट १९७३ची. हा निरोप म्हणजे कोणता रेणू, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये ओबी जनुक शोधून काढलं. त्यापासून बनणारं प्रथिन म्हणजे लेप्टिन. ते तयार होतं चरबीच्या पेशींत आणि काम करतं मेंदूतल्या हायपोथॅलॅमसवर. पुढच्याच वर्षी लेप्टिनचा ग्राही, म्हणजे पेशीवर हा निरोप झेलणारा रेणू, सापडला. डीबीत तोच सदोष असतो.

माणसांतही असा बिघाड असतो, पण अत्यंत विरळा. ब्रिटनमध्ये जन्मतः लेप्टिन नसलेल्या ९ वर्षांच्या एका मुलीचं वजन ९४.४ किलो होतं. रोज लेप्टिनचं इंजेक्शन दिल्यावर १२ महिन्यांत १६.४ किलो उतरलं, आणि त्यातली जवळजवळ सगळी चरबी होती.

मग हेच इंजेक्शन सर्वांना का देत नाहीत? कारण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन मुळातच जास्त असतं. चरबी वाढली की तेही वाढतं, पण मेंदूचा प्रतिसाद बोथट होतो. वरून आणखी टोचून वजन फारसं उतरत नाही.

उलट, लेप्टिन कमी झालेलं शरीराला लगेच जाणवतं. कडक उपास केला तर ते चरबीच्या मानाने कितीतरी वेगाने घसरतं. मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असा लावतो: भूक वाढते, थायरॉईड संप्रेरक घटतं, शरीराचा ऊर्जाखर्च वजन उतरल्याच्या हिशेबापेक्षाही खाली जातो. वजन घटवल्यावर ते टिकवणं कठीण जातं, त्याचं हे एक मोठं कारण. म्हणून आहार एकदम निम्म्यावर आणू नका. थोडा थोडा कमी करा आणि स्नायू टिकतील असा व्यायाम करत राहा.

बाजारात लेप्टिनच्या नावाने गोळ्या मिळतात. लेप्टिन हे प्रथिन आहे, पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं. डॉक्टर ते इंजेक्शनानेच देतात, तेही मोजक्या आजारांत. अंगात चरबीच साठत नाही अशा लिपोडिस्ट्रॉफीसाठी अमेरिकेत २०१४ साली त्याला मान्यता मिळाली.