थिनरचा वास आणि मोडलेली सोयरीक

नमस्कार श्रोतेहो. लग्नसराई आहे, घरोघरी पत्रिकांचे गठ्ठे येऊन पडले असतील. एखादी ताजी पत्रिका नाकाशी धरून पाहा. उग्र वास येतो ना? तो थिनरचा, म्हणजे शाई पातळ करायच्या अन् पुसायच्या द्रावणाचा.

माझा एक दोस्त तालुक्याच्या गावी स्क्रीन प्रिंटिंग करायचा, म्हणजे बारीक जाळीतून शाई दाबून छपाई. नाव सांगत नाही, आता तो आजोबा झालाय. वैशाखातली दुपार, बाहेर ४५ अंश. दहा बाय दहाची खोली, दार बंद. कारण दार उघडलं की ओल्या शाईवर धूळ बसते अन् पत्रिका वाया. चिंधी थिनरमध्ये बुडवायची, जाळी पुसायची, शेवटी हातही थिनरनंच धुवायचे. तशात मुलीकडचे चौघं न सांगता दारात! हा उठला तो भिंत धरून. डोळे लाल, जीभ जड अन् उगाचच खुदुखुदू हसतोय. मुलीच्या मामानं पाणीही घेतलं नाही. बाहेर येऊन म्हणाला, "पोट्टा तं पेते ना बावा!" झालं, सोयरीक मोडली. अन् या माणसानं जन्मात सुपारी खाल्ली नव्हती!

छापत काय होता? निमंत्रकांची बावीस नावं. हल्ली पत्रिकेत नवरदेव शोधावा लागतो, पण ते जाऊ द्या.

मामाचं तरी काय चुकलं? छपाईच्या थिनरमध्ये बहुतेकदा टोल्युइन नावाचं रसायन असतं. त्याची वाफ डोक्यात दारूसारखीच चढते. ती हवेच्या तिप्पट जड, खाली साचते. अन् आपले कारागीर बसतात खालीच, सतरंजीवर. १९४८च्या कारखाना कायद्यानं मर्यादा घातली होती, हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग. त्या खोलीत मोजायला कोण येणार? नाकावर विसंबू नका. थोड्या वेळात नाक सरावतं, वास जातो, वाफ राहते. दुपट्टा धूळ अडवतो, वाफ नाही. आत ठेवलेला कूलर तीच हवा फिरवतो. म्हणून डब्याला झाकण. चिंध्यांच्या टिनालाही झाकण. पुन्हा सांगतो, झाकण! हात साबणानं धुवा, हवा आरपार जाऊ द्या, अन् वाफ पेट घेते, म्हणून विडी लांब, रस्त्यावर.

त्या मामाला पुढं मीच एका सकाळी दोस्ताच्या खोलीवर घेऊन गेलो, थिनरचा डबा उघडायच्या आधी. लग्न जमलं. पत्रिका दोस्तानं स्वतःच छापल्या, दार सताड उघडं टाकून. माझ्याकडे एक आहे अजून. नवरीच्या नावावर धुळीचे दोन ठिपके आहेत.