एडवर्ड बेट्सची जहाजं

(दृश्य : मुंबई बंदरातलं मालवाहू जहाज. कॅमेरा हळूहळू खाली, पाण्यालगत.)

जहाजाच्या अंगावर रंगवलेलं हे वर्तुळ, आणि त्याला मधोमध छेदणारी आडवी रेघ. प्लिमसोल रेषा. ती पाण्याखाली गेली, की समजायचं, जहाजात झेपेल त्याहून जास्त माल भरलाय. या रेषेसाठी लंडनच्या पार्लमेंटात रणकंदन माजलं, तेव्हा बोट रोखलं गेलं ते मुंबईच्या व्यापारावर मोठ्या झालेल्या एका माणसावर.

एडवर्ड बेट्स. जन्म १८१६, मूळचा यॉर्कशरचा. ऐन उमेदीत हिंदुस्थानात आला, मुंबईत पेढी थाटली, पुढे लिव्हरपूलला परतून जहाजांचा मालक झाला.

तेव्हा अरबस्तानातल्या एडन बंदराला आगबोटींसाठी लागणारा कोळसा शिडाच्या जहाजांतून जायचा, आफ्रिकेला वळसा घालून. महिनोन्‌महिने तळात कोंडलेला कोळसा आतल्या आत तापतो, धुमसतो. बेट्सचं ‘युक्झाइन’ असंच एक जहाज. एके काळची आगबोट. यंत्रं काढून तिला शिडं चढवलेली. ऑगस्ट १८७४मध्ये एडनच्या वाटेवर, दक्षिण अटलांटिकमध्ये ती पेटली. माणसं होड्यांत उतरली. एक होडी भरकटली, आणि तीत उपाशी खलाशांनी आपल्याच एका सोबत्याला मारून खाल्लं. हे सांगताना आजही जीभ अडखळते.

बेट्स तोवर खासदार होता. १८७१पासून, प्लिमथचा, हुजूर पक्षाचा.

(दृश्य : पार्लमेंटचं जुनं चित्र.)

२२ जुलै १८७५. पंतप्रधान डिझरायलीच्या सरकारने जहाजांच्या सुरक्षेचं विधेयक गुंडाळलं, आणि डर्बीचा खासदार सॅम्युअल प्लिमसोल संतापून उभा राहिला. त्याने नावं घेतली. टेथिस. मेलबर्न. नोरा ग्रेम. तिन्ही १८७४मध्ये गेली, ८७ माणसांसह. फाउंडलिंग आणि सिडनी डेकर्स यंदाच समुद्रात सोडून द्यावी लागली. यांचा मालक एडवर्ड बेट्स म्हणजे प्लिमथचे सदस्यच, की त्या नावाचे दुसरे कुणी, असं आपण विचारणार आहोत, हे त्याने भर सभागृहात जाहीर केलं. खलाशांना मरणाच्या तोंडी देणाऱ्यांना त्याने नराधम म्हटलं.

बेट्सने जाणूनबुजून जहाजं बुडवली, असं कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालेलं नाही. ते इथे सांगायलाच हवं. आठवड्याभरात प्लिमसोलने शब्दांबद्दल माफी मागितली. सांगितलेली वस्तुस्थिती मात्र मागे घेतली नाही. जहाजांची नावं पार्लमेंटच्या दप्तरी राहिली. त्या ८७ जणांपैकी एकाचंही नाव त्या भाषणात नाही.

लोक खवळले. तात्पुरता कायदा काही दिवसांतच आला, १८७६मध्ये रेषा सक्तीची झाली. पण ती नेमकी कुठे रंगवायची, हे मालकाच्याच मर्जीवर!

१८८०मध्ये बेट्सला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. त्याच वर्षी त्याची निवडणूक रद्द झाली. १८८५मध्ये प्लिमथने त्याला पुन्हा निवडून दिलं.

रेषेची जागा कायद्याने ठरली ती १८९०मध्ये. प्लिमसोल तेव्हा सभागृहात नव्हता. बेट्स होता.