नळ आमचा, गच्ची त्यांची

नमस्कार, श्रोतेहो. बोलायचंय मोबाइलच्या पेटंटबद्दल, म्हणजे शोधावरच्या मालकी हक्काबद्दल, पण सुरुवात सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यापासून करतो.

वाड्याची वाटणी झाली तेव्हा नळ आला आजोबांच्या वाट्याला आणि गच्ची त्यांच्या धाकट्या भावाच्या. नळ आमचा, गच्ची त्यांची. पुढे अबोला झाला. आजोबांनी चौकाचं दार लावून घेतलं, तिकडे जिन्याला कुलूप लागलं. धाकट्या आजींना पाणी गल्लीपलीकडून आणावं लागे. आमच्या आजीच्या कुरडया खोलीत पसरलेल्या असत, त्यांना बुरशी यायची. दोन उन्हाळे असे गेले. मग एका सकाळी आजोबा पूजेला बसलेले असताना धाकट्या आजी कळशी घेऊन आल्या नि म्हणाल्या, "जाऊबाई, दार उघडा. जिन्याची किल्ली आणलीय."

ठरलं असं: सकाळचा एक तास नळ त्यांचा, उन्हाळाभर गच्ची आमची. नळ रोज लागतो, गच्ची दोनच महिने. म्हणून त्यांनी महिन्याला दोन रुपये वर द्यायचे. दोन्ही भावांच्या सह्यांचा तो कागद मी पाहिलाय.

 

मोबाइलचंही असंच आहे. एका फोनमध्ये हजारो पेटंट असतात, मालक वेगवेगळे. एकाने अडवलं की दुसऱ्याचा फोन अडतो. २०११ साली ॲपलने सॅमसंगला कोर्टात खेचलं. २०१२ मध्ये ज्यूरीने शंभर कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. तडजोड व्हायला २०१८ उजाडलं. सात वर्षं! पण त्याच सॅमसंगने जानेवारी २०१४ मध्ये गूगलशी परस्पर परवान्याचा करार केला. हातातली पेटंट आणि पुढच्या दहा वर्षांत ज्यांसाठी अर्ज होतील तीही, दोघांनी एकमेकांना मोकळी केली. परस्पर परवाना म्हणजे तुमची पेटंट आम्ही वापरू, आमची तुम्ही वापरा. पुन्हा सांगतो, तुमची आम्ही, आमची तुम्ही. ज्याचं पारडं जड, त्याला बहुधा वरचे पैसे. आमच्या नळाचे दोन रुपये तेच.

ज्याच्याकडे बदल्यात द्यायला काहीच नाही, त्याचं काय? मागच्या खोलीत एक भाडेकरू होते. ना नळ, ना गच्ची. त्यांना प्रत्येक घागरीचे पैसे मोजावे लागत. आपल्या लाव्हा या मोबाइल कंपनीला एरिक्सन या स्वीडिश कंपनीच्या पेटंटपोटी २४४ कोटी रुपये द्यायला दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सांगितलं, ते वाचून मला तेच भाडेकरू आठवले.

त्यांनी पुढे परसातली बुजलेली विहीर स्वतःच्या खर्चाने उपसून रहाट बसवला. मे महिन्यात नळ कोरडा पडला, तेव्हा आजोबा घागर घेऊन त्यांच्या दारात उभे होते.