खान्देश सोडावा का लागतो?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

राम राम मंडळी.

या सभागृहात जळगाव, धुळे, नंदुरबारची बरीच घरं बसली आहेत. आपल्याविषयी सगळीकडे एकच बोललं जातं: पोरं हुशार निघाली, शिकली, परदेशी गेली. पण आपल्याच गावांतून आपल्याहून कितीतरी जास्त माणसं बाहेर पडली आणि त्यांना विमानाचं तिकीट लागलं नाही. भुसावळ-सुरत गाडीचं पुरलं. आज मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोलीकडे गेलात तर गल्लीगल्लीत अहिराणी ऐकू येते. श्रावणात तिथे कानबाई देवी बसते, तिच्या नैवेद्याचे रोट होतात. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २०२० मध्ये गुजरात भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले, यावरून आपला माणूस तिथे किती रुजलाय ते कळतं. धडगाव-अक्कलकुव्याची आदिवासी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास लेकराबाळांसह गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि शाळेच्या पटावर मुलांची फक्त नावं उरतात. चार इयत्ता जास्त शिकलेला चाकण, भोसरी किंवा नाशिकच्या अंबडला जातो. गावी फोन केला की म्हातारी माणसं सांगतात, "गावमा आते कोनी ऱ्हायनं नही." लग्नाच्या बैठकीत मुलीकडच्यांना शेती हवी असते, पण मुलगा शेतावर राहणारा नको असतो. त्यांना दोष कसा द्यायचा? बाप काय भोगतो ते त्या मुलीने पाहिलेलं आहे.

याचं कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: दुष्काळ. मला हे उत्तर मान्य नाही. तापी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर आपल्याच आहेत. तापीच्या पाण्यात महाराष्ट्राचा वाटा १९१ टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) थोडा अधिक ठरलेला आहे. हे पाणी अडवायचं, उचलायचं आणि बांधापर्यंत पोचवायचं काम सरकारचं होतं.

अमळनेर तालुक्यातलं पाडळसे धरण घ्या. या निम्न तापी प्रकल्पाला नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मंजुरी मिळाली तेव्हा खर्च होता १४२ कोटींच्या आसपास. डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित मान्यता मिळाली ती ४,८९० कोटींना. मधल्या काळात एक पिढी शाळेत गेली, मोठी झाली, सुरतेला कामाला लागली. खाली नंदुरबार जिल्ह्यात प्रकाशा आणि सारंगखेड्याचे बॅरेज बांधून झाले, पाणी साठलं. पण ते शेतात न्यायच्या उपसा सिंचन योजना बंद पडलेल्या होत्या. काठावरच्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं नुसतं पाणी पाहिलं. आणि आपण न अडवलेलं पाणी कुठे जातं? गुजरातमधल्या उकाईत. १९७२ साली पूर्ण झालेल्या त्या धरणाच्या फुगवट्याखाली आपल्या नवापूर-नंदुरबारकडची गावं गेली. उकाईच्या पाण्यावर सुरत वाढली आणि तिथल्या लूमवर आपली पोरं उभी आहेत. पाणी गेलं त्याच वाटेने माणूस गेला.

याच पांझरेवर, साक्री-धुळ्याच्या बाजूला, आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षं फड पद्धत चालवली, म्हणजे शेतांचे गट (फड) पाडून सामाईक पाणीवाटप केलं. बंधाऱ्याचं पाणी पाटकरी वाटायचा, जागल्या पिकाची राखण करायचा, कोणत्या फडात कोणतं पीक हे सगळे मिळून ठरवायचे. पाण्याचा हिशेब आपल्याला येत नव्हता असं म्हणणाऱ्याने तिथे एकदा जाऊन यावं.

आता सरकारी हिशेबाकडे येतो, कारण माझ्या मते खरी मेख तिथे आहे. १९८४ साली दांडेकर समितीने जिल्हावार अनुशेष, म्हणजे विकासात कोण किती मागे राहिलं ते, मोजला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली ती तीन: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. आपण कुठे? उर्वरितमध्ये, पुणे-कोल्हापूरच्या रांगेत. नंदुरबारची गरिबी आणि पुण्याची सुबत्ता एकाच सरासरीत मोजली की गरिबी दिसेनाशी होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या बहुआयामी गरिबी अहवालात नंदुरबारचे ५२ टक्के लोक गरीब ठरले, राज्यात सर्वाधिक. त्या जिल्ह्यासाठी वेगळं मंडळ कधीच नव्हतं. विदर्भ-मराठवाड्याला मिळालं त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचा तो हक्कच होता.

सत्ता आपल्याकडे नव्हती असंही नाही. मुख्यमंत्रिपद खान्देशाला मिळालं नाही, पण पाटबंधारे खातं आपल्याच भागातल्या मंत्र्यांकडे एकाहून अधिक वेळा आलं. पक्ष बदलले, भूमिपूजनं होत राहिली.

कारखान्यांची कथा मी थोडक्यात सांगतो, तुम्हाला ती तोंडपाठ आहे. अमळनेरची प्रताप मिल बंद, जळगावची खान्देश मिल बंद. भाडण्याचा पांझरा-कान साखर कारखाना बंद पडला, चाळीसगावचा बेलगंगा बंद पडून विकला गेला. पतसंस्था बुडाल्या त्यात निवृत्त मास्तरांच्या ठेवी गेल्या. १९४५ साली विप्रो अमळनेरलाच सुरू झाली. तिचा विस्तार बंगळुरूला झाला. धुळ्याला दोन राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना छेदतात, भुसावळसारखं जंक्शन आपल्याकडे आहे, कापूस आणि केळी आपल्या शेतात. तरी सूत दुसरीकडे, कापड दुसरीकडे.

माणूस थांबू शकतो. साक्री तालुक्यातलं बारीपाडा पाहा. चैतराम पवारांसोबत गावाने जंगल राखलं, पाणी अडवलं आणि कामासाठी गाव सोडणं थांबलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण एक पाडा जे करू शकतो ते तापीवरच्या धरणाला लागू होत नाही. तिथे सरकारच लागतं, आणि सरकारला विचारणारं कोणीतरी लागतं.

आपण गावाला पैसे पाठवतो, मंदिराचा सभामंडप बांधतो, शाळेला संगणक देतो. ते चालू राहू द्या. पण या वर्षी माझी मागणी वेगळी आहे. आपल्यात स्थापत्य अभियंते आहेत, लेखापरीक्षक आहेत, वकील आहेत. पाडळसे आणि तापीवरच्या उपसा योजना, एवढे दोनच विषय घेऊ. मंजुऱ्या, निविदा, कॅगचे अहवाल, विधिमंडळातली उत्तरं गोळा करू, साध्या मराठीत मांडू आणि अमळनेर, चोपडा, शहादा, शिंदखेड्याच्या ग्रामसभांपर्यंत पोचवू. मत द्यायला तिथलेच लोक जाणार आहेत. त्यांच्या हातात कागद असला पाहिजे.

जेवणानंतर मी मागच्या खोलीत बसतो आहे. ज्यांना महिन्यातला एक शनिवार देता येईल त्यांनी तिथे यावं.