बांधावरची रुई आणि फुलपाखरांची मोजणी

पावसाने उघडीप दिली की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात फुलपाखरांचे दिवस येतात. जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याकडेला, ओल्या मातीतले क्षार शोषत नरांचे घोळके बसतात. मध कुठल्याही फुलात मिळेल, पण अंडी घालायला मादीला ठरावीकच झाड लागतं. लाइम बटरफ्लायला लिंबू किंवा कढीपत्ता, प्लेन टायगरला रुई. सदर्न बर्डविंग, म्हणजे कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू, ईश्वरीच्या वेलावर वाढतं. बांधावर तणनाशक मारलं आणि रुई जळाली, की तिच्यावरच्या अळ्याही गेल्या. आजूबाजूला फुलं कितीही असोत.

अशाने फुलपाखरं किती घटली, हे नुसत्या आठवणीवरून सांगता येत नाही. ब्रिटनमध्ये १९७६ पासून स्वयंसेवक ठरलेल्या वाटांवर फुलपाखरं मोजत आले आहेत. अमेरिकेतल्या मोजण्या एकत्र केल्यावर दिसलं, की २००० ते २०२० या वीस वर्षांत तिथली फुलपाखरं २२ टक्क्यांनी कमी झाली. आपल्याकडे अशा लांब पल्ल्याच्या नोंदी फारच थोड्या आहेत. म्हणून ही मोजणी इथे व्हायलाच हवी.

पद्धत सोपी आहे, शिस्त मात्र कडक. पाचशे मीटर ते एक किलोमीटरची वाट निवडायची: थोडं रान, थोडा शेताचा बांध, थोडा ओढा. प्रत्येक तुकड्याची नोंद वेगळी. पंधरवड्यातून एकदा, ऊन असताना, सकाळी साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान संथ, एकाच चालीने चालायचं. दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि समोर पाच मीटर, एवढ्यातलंच मोजायचं. मागून आलेलं धरायचं नाही, नाहीतर तेच फुलपाखरू दोनदा लिहिलं जातं. फोटोसाठी थांबलात तर घड्याळही थांबवा. जाळी नको, कित्येक जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

सगळ्यात जास्त घोळ पिवळ्या ग्रास यलोंचा होतो. उडताना त्यांच्या जाती ओळखू येत नाहीत, तेव्हा अंदाजाने नाव न देता 'ग्रास यलो, सात' एवढंच लिहावं. दुसरी चूक याहून महागात पडते: काहीच दिसलं नाही म्हणून त्या दिवसाचा कागद कोरा सोडणं. शून्य लिहिलंच पाहिजे. त्याशेजारी ऊन, ढग, वारा आणि वेळ.

मधेच कुणी झुडपं तोडली तरी वाट बदलू नका. काय तोडलं, कधी तोडलं, ते लिहा आणि तिथूनच चाला. फुलं भरपूर असलेल्या जागी वाट हलवली, की घट नोंदीतून पुसली जाते.