लाइन रातची हाय

नमस्कार श्रोतेहो.

माध्यमिक शाळेतल्या मुलांची मनं, त्यांचं वर्गात रमणं किंवा न रमणं, यावर आज बोलायचं आहे. मी ३१ वर्षं नववी-दहावीला गणित शिकवलं. या विषयावर बोलायचं म्हटलं की मला एकच मुलगा आठवतो, म्हणून आधी त्याची गोष्ट सांगतो.

यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्ह्याच्या बाजूचं गाव. मी तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलनं जाणं-येणं करायचो. डिसेंबरचे दिवस होते. कापसाच्या दोन वेचण्या झालेल्या, तूर शेंगांवर आलेली आणि हरभरा गुडघ्याच्या खाली. नववीच्या वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर हा पोरगा बसायचा. पावसाळ्यात चांगला बोलका होता, फळ्यावर येऊन उदाहरणं सोडवायचा. दिवाळीनंतर तो झोपायला लागला. तिसऱ्या तासाला डोकं बाकावर, म्हणजे अगदी गाढ.

पहिल्यांदा मी हाक मारली, दुसऱ्यांदा टेबलावर डस्टर आपटलं. तिसऱ्यांदा त्याला वर्गाच्या दारात उभं केलं. तर तो चौकटीला टेकून उभ्या उभ्या झोपला. वर्ग हसला. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, त्याची लाइन रातची हाय."

श्रोतेहो, हे वाक्य अख्ख्या वर्गाला समजलं होतं. समजलं नव्हतं ते फक्त मला. मी म्हणालो, "बहाणे सांगू नका," आणि पुढचं उदाहरण घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्याही नाही. त्या संध्याकाळी मी घरी परत न जाता त्याचं घर विचारत गेलो. त्याची आई भाकरी फडक्यात बांधत होती. मला बघून ती घाबरलीच. म्हणाली, "सर, त्याले मारू नोका. त्याची काही चूक नाही. ह्याच्या बापाच्या कमरेचं ऑपरेशन झालं, तो वाकू शकत नाही. अन् रातच्याला मी एकटी वावरात कशी जाऊ? रोही हायेत, डुकरं हायेत."

मग मी त्या मायलेकांबरोबर वावरात गेलो. तुम्ही बहुतेक सगळे कास्तकार आहात, लाइनची पाळी, म्हणजे शेतीची वीज कोणत्या आठवड्यात दिवसा आणि कोणत्या आठवड्यात रात्री येते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या आठवड्यात मोटर चालवायची थ्री-फेज वीज रात्री दहाला यायची आणि सकाळी सहाला जायची. दहा वाजून काही मिनिटांनी विहिरीवरचा दिवा लागला, पोरानं स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं आणि स्प्रिंकलर फिरायला लागले. मायलेकरं धुऱ्यावर बारदाना अंथरून बसली. एकच्या सुमारास पाइप बदलवायची वेळ झाली, तोवर मी तिथंच होतो.

ते पाइप बदलवणं मी तोवर कधी जवळून पाहिलं नव्हतं. मोटर बंद करायची. क्लॅम्प सोडला की पाइपात उरलेलं बर्फासारखं पाणी सरळ बाहीतून काखेपर्यंत शिरतं. मग वीस फुटांचा पाइप खांद्यावर घेऊन न भिजलेल्या हरभऱ्यातून पलीकडे न्यायचा. हरभऱ्याच्या पाल्यावर रात्री आंब, म्हणजे आंबट पाणी, असते. ती आंब त्याच्या तळहातांवरच्या चिरांना लागत होती, आणि दर पाइपामागं तो हात झटकत होता, तोंडानं काही न बोलता. मी बॅटरीच्या उजेडात ते हात पाहिले. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलेली, अंगठ्याजवळ क्लॅम्पनं कापलेलं. याच हातांनी हा सकाळी भूमितीची रचना काढणार, आणि रेघ वाकडी आली म्हणून मी लाल पेनानं खूण करणार!

निघताना त्यानं मला विचारलं, "सर, उद्या येऊ काय शाळेत?"

मला विचारत होता! मी त्याला दारात उभं केलं, त्याचा अर्थ त्यानं असा घेतला होता की झोपणाऱ्याला शाळेत जागा नाही. मी म्हणालो, ये. आणि येऊन आधी झोप.

दुसऱ्या दिवशी मी हेडसरांकडे खेळाच्या सामानाची खोली मागितली. सतरंजी घातली आणि पहिला तास त्याला झोपू दिलं. स्टाफरूममध्ये यावरून बरंच झालं. एक सहकारी म्हणाले, शाळेची धर्मशाळा करता का? त्यांचा राग मला समजत होता, कारण चार दिवसांपूर्वी माझं मत तेच होतं. पण हेडसर म्हणाले, वर्गात चार तास अर्धवट झोपण्यापेक्षा एक तास पूर्ण झोपलेला बरा. मग मी नववीच्या वर्गात साधा प्रश्न विचारला, या आठवड्यात रात्री वावरात कोण कोण गेलं होतं? अकरा हात वर आले. अकरा, श्रोतेहो. त्यांत दोन मुली होत्या. यातली बहुतेक मुलं आमच्या लेखी "अभ्यासात लक्ष नसलेली" होती.

त्यानंतर आम्ही एक गोष्ट केली आणि ती मी तुम्हाला मुद्दाम दोनदा सांगणार आहे. स्टाफरूममध्ये तासांचं वेळापत्रक लावलेलं असतं, त्याच्या शेजारी आम्ही लाइनचं वेळापत्रक लावलं. तासांच्या वेळापत्रकाशेजारी लाइनचं वेळापत्रक. कोणत्या फिडरला, म्हणजे सबस्टेशनवरून निघणाऱ्या कोणत्या वीजवाहिनीला, कोणत्या आठवड्यात दिवसा, कोणत्या आठवड्यात रात्री. घटक चाचण्या दिवसाच्या लाइनच्या आठवड्यात घ्यायच्या. रात्रीच्या पाळीच्या मुलांना घरचा अभ्यास कमी द्यायचा, शेजारच्यानं वही द्यायची. एवढंच. पैसा लागला नाही, वरून परवानगी लागली नाही.

त्या पोरानं दहावी केली. गुण मधलेच आले, पण दहावीच्या वर्षी माझ्या वर्गात सगळ्यांत जास्त हजेरी त्याची होती.

शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी नेहमी कास्तकाराची म्हणून मांडली जाते. माझं ठाम मत आहे की ती शाळेचीही मागणी आहे. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, तिच्यामागं दिवसा वीज देण्याचाच विचार आहे. ज्या गावाला ती वीज दिवसा मिळते, तिथल्या शिक्षकांनी आपल्या वर्गाकडे बघावं. पहिल्या तासाचे डोळे वेगळे दिसतील.

आता बाकीचं थोडक्यात. तेरा ते अठरा वयाच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते असं डॉक्टर सांगतात. पोटाचंही तसंच आहे. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. नववीला ताट बंद होतं, आणि भूक तर नेमकी त्याच वयात वाढते. सकाळी नुसता चहा पिऊन पाच-सहा किलोमीटर सायकल हाणत आलेली मुलगी दुपारी फळ्याकडे बघत असते, पण तिला फळा दिसत नसतो. तेव्हा हजेरी घेताना नावाबरोबर "जेवून आलीस का?" एवढं विचारा. आठवड्याची लोहाची गोळी मिळते, ती भरल्या पोटी आणि समोर घ्यायला लावा. उपाशी पोटी घेतली की मळमळतं, आणि मग मुली ती ओढणीत लपवतात.

माझी शाळांना आणखी एक विनंती आहे. मैदानावर गट्टू, म्हणजे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, बसवू नका. सध्या जिकडेतिकडे गट्टू बसवतात. आपला विदर्भ हा, इथं उन्हामुळं शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडते, आणि आपण मैदान तापवायला निघालो. त्या पैशात निंबाची झाडं लावा. ज्याला कुणाशी बोलावंसं वाटत नाही असं पोरगं मधल्या सुट्टीत झाडाखाली जाऊन बसतं आणि तिथं त्याला कुणीतरी भेटतं. गट्टूवर कोण बसणार?

शिक्षेबद्दलही बोलायला हवं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मारण्याला मनाई करतं, तशीच मानसिक त्रासालाही करतं. दारात उभं करून वर्गाला हसू देणं हा मानसिक त्रासच आहे आणि तो मी दिला. कायद्याचं वय चौदापर्यंत आहे, पण पंधराव्या वर्षी मुलाची लाज कमी होत नाही.

आणि एक गोष्ट अगदी हळू आवाजात, पण स्पष्ट सांगतो. बोलका पोरगा अचानक गप्प झाला, आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागला, "मी नसलो तर बरं" असं म्हणाला, तर ते हसण्यावारी नेऊ नका. जवळ बसा आणि सरळ विचारा, "तुले जीव द्यावासा वाटते काय रे?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. विचारल्यानं पोर मोकळं होतं. मग त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, तिचा नंबर आहे १४४१६. एक, चार, चार, एक, सहा. फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. लहान मुलांसाठी १०९८ आहे. एक, शून्य, नऊ, आठ. हे दोन्ही नंबर शाळेत मुलांच्या नजरेच्या उंचीवर रंगवून घ्या, मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये नको. तिथं मूल जात नाही.

आई-बाबांनो, रात्री पोराला वावरात न्यावं लागतं याची लाज बाळगू नका. गरज आहे म्हणून नेता. फक्त दुसऱ्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर एक ओळ लिहून पाठवा, "काल लाइन रात्रीची होती." लिहिता येत नसेल तर पोरालाच लिहू द्या, तुम्ही अंगठा करा.

आणि शिक्षक मित्रांनो, हरभरा पेरून झाला आहे. फिडरची पाळी सबस्टेशनवर विचारली की ऑपरेटर सांगतो, नाहीतर वर्गातल्या कुठल्याही पोराला तोंडपाठ असते. उद्या सोमवार आहे. पहिल्या तासाला विचारून घ्या.

नमस्कार.