पहिला फ्लॅट भाड्यासाठी घेताना

मंडळी, घरात पैसे गुंतवायचे ठरलं की आपण आधी सॅम्पल फ्लॅट बघायला जातो. माझं म्हणणं, त्याआधी दोन संध्याकाळ वही घेऊन बसा. भाड्यासाठी घेतलेल्या फ्लॅटमध्ये नफा की तोटा हे बरंचसं खरेदीच्या दिवशीच ठरतं, फक्त ते दिसायला पुढची आठ-दहा वर्षं जातात.

एकच उदाहरण घेऊ. पुणे महापालिकेच्या हद्दीतला वन बीएचके, रिसेलचा, सोसायटी झालेली, किंमत ६० लाख. आकडा हिशेबापुरता धरलाय, तुम्ही तुमचा घाला. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. एजंटला १ टक्का धरला तर ६० हजार. वकिलाची फी आणि बँकेचं प्रोसेसिंग मिळून २५ हजार. सोसायटीचं हस्तांतर शुल्क, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. आणि रंग, गळकं प्लंबिंग, पंखे, ग्रिल यांना दीड लाख. बेरीज ७ लाख १० हजार. तुमचा ६० लाखांचा फ्लॅट ६७ लाख १० हजारांना पडला. उद्याच विकायची वेळ आली तर नुसते घातलेले पैसे परत यायला भाव जवळपास १२ टक्के चढलेला हवा. म्हणून दोन-तीन वर्षांत विकून मोकळं होऊ, या विचाराने कोणी पहिला फ्लॅट घेऊ नये.

यात बचतीची एक जागा आहे. निवासी घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. आपल्या उदाहरणात ते ६० हजार झाले. खरेदीदारांत एक जरी पुरुष असला तरी सवलत जाते.

आता कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के एवढीच मर्यादा. या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरत नाहीत. म्हणजे कर्ज जास्तीत जास्त ४८ लाख, खिशातून १२ लाख आणि वरचे ७ लाख १० हजार, असे १९ लाख १० हजार तयार हवेत. ‘२० टक्के भरले की झालं’ या समजुतीवर निघालेला माणूस नोंदणीच्या आठवड्यात पर्सनल लोन काढतो, आणि तिथेच गणित मोडतं.

भाडं १७ हजार धरू, वर्षाला २ लाख ४ हजार. ६० लाखांवर हे ३.४ टक्के होतात, आणि एजंट हाच आकडा सांगतो. त्यातून मेंटेनन्स आणि नॉन-ऑक्युपन्सी शुल्काचे ३० हजार वजा करा. हे नॉन-ऑक्युपन्सी शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लागणारी रक्कम, सोसायटीला सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, लक्षात असू द्या. मिळकतकर १० हजार, किरकोळ दुरुस्ती १० हजार, भाडेकरू बदलताना दलाली आणि करार १० हजार, आणि वर्षात एक महिना घर रिकामं, १७ हजार. उरले १ लाख २७ हजार. खऱ्या गुंतवणुकीवर, म्हणजे ६७ लाख १० हजारांवर, हे १.९ टक्केही भरत नाहीत.

साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी ४८ लाखांचा हप्ता सुमारे ४१,६५० रुपये. निव्वळ भाडं महिन्याला साडेदहा हजार. उरलेले ३१ हजार तुम्ही दरमहा पगारातून घालणार आहात. पहिल्या वर्षीचं व्याजच ४ लाखांच्या वर जातं. त्यात तुमच्या १९ लाखांवर बँकेत मिळालं असतं ते व्याज, ७ टक्क्यांनी १ लाख ३४ हजार, मिळवा आणि भाडं वजा करा: भाव वर्षाला जवळजवळ ७ टक्के वाढला तरच बरोबरी होते. हा हिशेब ऐकून घेऊच नये असं मी म्हणत नाही. ‘भाड्यातून हप्ता निघेल’ हे वाक्य मात्र मनातून काढून टाका. कर्ज कमी घ्या किंवा स्वस्त फ्लॅट शोधा. हे ३१ हजार दोन वर्षं नोकरी डळमळली तरी भरता येतील का, ते घरात बसून ठरवा. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय टोकन देऊ नका.

भाडं किती मिळेल हे एजंटला विचारून कळत नाही. त्याच सोसायटीत भाड्याने दिलेल्या तीन घरांचे मालक गाठा. विक्रीच्या भावासाठी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या इमारतीच्या आधीच्या व्यवहारांचे इंडेक्स-टू, म्हणजे नोंदवलेल्या कराराचे सरकारी गोषवारे, बघा. माणूस बोलताना भाव फुगवतो, इंडेक्स-टूवर मोबदला (करारातली किंमत) आणि सरकारने धरलेलं बाजारमूल्य दोन्ही छापलेले असतात. मुद्रांक शुल्क या दोहोंपैकी जास्त असलेल्या रकमेवर लागतं, हेही तिथेच समजतं.

आता कागद. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बुडालेले व्यवहार बहुतेक इथेच बुडालेले असतात.

बिल्डरने पहिल्या खरेदीदाराला दिलेल्या करारापासून आजच्या मालकापर्यंतची नोंदणीकृत करारांची प्रत्येक कडी हवी. मधली एक कडी नुसत्या नोटरीवर किंवा कुलमुखत्यारपत्रावर असेल तर थांबा. कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केलं आहे. मालक वारला असेल आणि नॉमिनी विकत असेल तर सगळे कायदेशीर वारस करारात यायला हवेत किंवा त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. नॉमिनी सोसायटीच्या दप्तरात येतो, मालक होत नाही. परदेशातली बहीण पाच वर्षांनी हक्क सांगायला येते ती इथूनच.

मग सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), थकबाकी नसल्याचं पत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला. हे शेवटचं नसलेल्या इमारती अजून खूप आहेत. तिथे पाणीपट्टी जास्त लागू शकते, काही बँका कर्ज नाकारतात, आणि तुम्ही विकायला काढाल तेव्हा तुमच्या खरेदीदारालाही कर्ज मिळत नाही. अभिहस्तांतरण झालं आहे का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, ते मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर बघा. जुन्या इमारतीची निम्मी किंमत तिच्या पुनर्विकासात असते आणि जमिनीचा कागद नसला की तो अडकतो. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकी आणि बोज्यांच्या जुन्या नोंदींची तपासणी, करून घ्या. बँकेचा वकील सर्च करतो खरा, पण तो बँकेसाठी असतो.

विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर मूळ करार त्याच्या बँकेत असतो. त्या बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र आणि त्यांच्याकडे असलेल्या कागदांची यादी मागवा. पैसे विक्रेत्याच्या हातात न देता थेट त्या कर्जखात्यात भरायचे.

टोकन लहान ठेवा आणि पावतीवर लिहून घ्या की कर्ज नामंजूर झालं किंवा सर्चमध्ये दोष निघाला तर रक्कम परत. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विक्रेत्याला देताना १ टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा, इथे ६० हजार. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागू होत नाही, दर बराच चढतो आणि कमी कापला तर आयकर खातं तुम्हाला धरतं. पुण्या-मुंबईत असे विक्रेते भरपूर आहेत. म्हणून पॅनबरोबर ‘आपण निवासी आहात ना’ हे लेखी घ्या, आणि नसतील तर आधी सीएकडे जा.

काही रक्कम रोख मागितली तर नाही म्हणा. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. तुमचंही नुकसान असतं: कागदावर किंमत कमी दिसली की विकताना भांडवली नफा तेवढा फुगतो. सध्या २४ महिन्यांनंतर विकलेल्या घराच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, आणि २३ जुलै २०२४ पासूनच्या खरेदीला महागाई निर्देशांकाचा लाभ नाही.

बांधकाम चालू असलेली इमारत पहिल्या खरेदीसाठी मी सुचवत नाही. भाडं सुरू व्हायला वर्षं लागतात, हप्ता आधी सुरू होतो, वर साधारण ५ टक्के जीएसटी. घ्यायचीच असेल तर महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून मूळ पूर्णत्वाची तारीख आणि मिळालेली मुदतवाढ दोन्ही बघा. करार नोंदवण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आणि भाव कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळावर, काढा. त्यात आतल्या भिंती येतात, बाल्कनी येत नाही.

प्लॉटबद्दल थोडक्यात. ‘एनए प्लॉट’ (बिगरशेती) म्हणून दाखवलेल्या जागेचा सातबारा पुष्कळदा सामायिक असतो: वीस जणांची नावं, तुमचा गुंठा नेमका कुठला हे कुठेच लिहिलेलं नाही. मंजूर रेखांकन, स्वतंत्र मोजणी आणि रस्त्याचा कायदेशीर हक्क यांशिवाय हात घालू नका. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना आणि ‘भोगवटादार वर्ग २’ हे शब्द आधी वाचा. वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. शेतजमीन तर महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून घेताच येत नाही.

ताबा मिळाला की भाडेकरू. लीव्ह अँड लायसन्स करार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. मुद्रांक शुल्क अवघं पाव टक्का, एकूण भाडं आणि अनामत रकमेवरचं वर्षाचं १० टक्के मानलेलं व्याज यांवर. ११ महिन्यांच्या १७ हजारांच्या करारात ते पाचशेच्या आसपास येतं, शहरात नोंदणी फी हजार. ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठ्याचा ठसा लागतो. पोलिसांना भाडेकरूची माहिती त्याच दिवशी कळवा. किल्ली देताना वीज मीटरचं रीडिंग, भिंती, नळ आणि गीझर यांचे फोटो काढून दोघांच्या फोनवर ठेवा, कारण अनामत परत देतानाचं भांडण नव्वद टक्के वेळा या चार गोष्टींवरूनच होतं.